किती दिवसांनी बसते?

बॅटरी बसलेल्या पिकअपबद्दल गावात कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो: बॅटरी बदला. तासगावकडे द्राक्षाचा हंगाम उरकला की एप्रिलनंतर पिकअपला रोजचं काम उरत नाही. गाडी शेडला लागते, आठवड्यातून एखादा हेलपाटा होतो, आणि मग एके सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक्. चिमटे लावून नाहीतर चौघांनी धक्का मारून ती सुरू होते. मालक जुनी बॅटरी देऊन नवी आणतो, आणि चौथ्या दिवशी पुन्हा टक्. दुसरीही बसली की दुकानदार, कंपनी आणि नशीब या तिघांचा उद्धार होतो. किल्ली काढलेल्या, दारं लावलेल्या गाडीत कुणीतरी रात्रंदिवस करंट खात बसलंय, हे सगळ्यात शेवटी सुचतं. त्या कुणालातरी हुडकून काढणं हे मोटार दुरुस्तीतलं सगळ्यात देखणं काम आहे, असं माझं बरेच दिवसांचं मत आहे.

रसग्रहण कवितेचं करतात, बंदिशीचं करतात. सांगलीच्या या पट्ट्यात ते वायरिंगचं करायलाही संकोच नसावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथल्याच, तेव्हा औंध संस्थानात असलेल्या उजाड माळावर नांगरांचा कारखाना वसवला आणि १९२० पासून त्याच किर्लोस्करवाडीतून मासिकही निघू लागलं. नांगर आणि मासिक एकाच पत्त्यावरून बाहेर पडत होते.

मी ज्या कामाबद्दल लिहितोय ते सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या दुकानात पाहिलं. पुढे डांबराला टेकलेली फरशी, आत भिंतीला जुने आल्टरनेटर टांगलेले, बाकावर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. पिकअपचा मालक बागायतदार, तासगावच्या अलीकडचा. हौद्यात रिकामी क्रेट, फाळक्याला दोरी. मिस्त्री पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं बॉनेटला हात लावण्याआधी विचारलं, ‘‘किती दिवसांनी बसते?’’

‘‘तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पण बॅटरी नवी हाय ओ मिस्त्री, बिलसुद्धा हाय.’’

‘‘बिल ठेवा खिशात आण्णा. मी दिवस विचारतोय.’’

हा प्रश्न म्हणजे या सगळ्या कामाचा मुखडा. ऐकायला चौकशीसारखा वाटतो, पण त्यात गणित आहे. अशा गाडीची बॅटरी ७० अँपिअर-अवरची धरा. त्यातली निम्मी, म्हणजे ३५, खर्च झाली की डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ कण्हायला लागतो. तीन दिवसांचे तास ७२. पस्तिसाला बहात्तरनं भागलं की साधारण अर्धा अँपिअर येतो. बारा व्होल्टला अर्धा अँपिअर म्हणजे सहा वॅट, एका लहान बल्बाइतकी भूक. गाडी एका रात्रीत बसली असती तर भूक साडेतीन-चार अँपिअरची निघाली असती, म्हणजे हेडलाइटच्या तोलाची. मग संशय चिकटलेल्या रिलेवर किंवा आल्टरनेटरच्या डायोडवर गेला असता. बारा-पंधरा दिवस टिकली असती तर एखादा संगणक झोपायला तयार नाही, असा अर्थ निघाला असता. मिस्त्र्यानं कागद-पेन्सिल घेतली नाही, भागाकारही बोलून दाखवला नाही. पण बॉनेट उचलण्याआधीच आपण केवढ्या आकाराचा चोर शोधतोय हे त्याला ठाऊक होतं. बॅटरी बदलणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं बॅटरी एक तर चांगली असते नाहीतर वाईट.

मालकाला दुसराच संशय होता. ‘‘ह्यो फास्टॅग तर खात नसंल न्हवं?’’ मिस्त्री हसलासुद्धा नाही. काचेवरच्या त्या चिकटपट्टीला गाडीची वायरच जात नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींतून मिळेल तेवढ्या शक्तीवर ती आपला नंबर सांगते आणि गप्प बसते. हे समजावून सांगण्याऐवजी त्यानं ‘न्हाई’ एवढंच म्हटलं आणि पाना उचलला.

या दोषाचं रूप नीट लक्षात घ्यायला हवं, नाहीतर पुढच्या हालचाली निरर्थक वाटतील. इंजिनाचा दोष बोलतो. टॅपेट वाजतो, बेअरिंग घरघरतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाजाचं घर ओळखणारे मिस्त्री मिरजेत अजून आहेत, आणि तंबोऱ्याची जवारी कानानं लावणाऱ्यांच्या गावात त्याचं नवलही वाटत नाही. करंट खाणारा दोष मुका असतो. शिवाय तो गाडी एकटी असतानाच काम करतो. तुम्ही दार उघडलंत की केबिनचा दिवा लागतो, कुलपाची पेटी जागी होते, डॅशबोर्ड लुकलुकतो, आणि त्या गलक्यात अर्धा अँपिअर सहज बुडून जातो. म्हणून गाडीला कुणी जवळ नाही असं वाटायला लावणं, हीच या कामातली खरी कला. मीटर सगळ्यांकडे असतो.

जुन्या जीपला एवढी नाटकं लागत नव्हती. किल्ली काढली की सगळं मेलं. १९१२ साली कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला आणि हँडल मारून मनगटं मोडून घेण्यातून माणसं सुटली. गाडी मात्र तेव्हापासून बॅटरीची मिंधी झाली. पुढे संगणक आले, त्यांना स्मरणशक्ती आली, आणि बंद गाडी पूर्ण बंद राहीनाशी झाली. आजच्या गाडीनं उभ्या-उभ्या ०.०५ अँपिअरपर्यंत खाल्लं तर ते रीतसर समजतात. त्या हिशेबानं निम्मी बॅटरी संपायला महिनाभर लागतो. म्हणजे शोध घ्यायचा तो खाण्याचा नसून जास्तीच्या खाण्याचा.

मिस्त्र्यानं आधी बॅटरीलाच निर्दोष ठरवून घेतलं. रात्रभर चार्ज करून ठेवलेली, १२.६ व्होल्ट, भार टाकला तरी ढासळली नाही. इंजिन सुरू केल्यावर १४.१, म्हणजे भरणाही ठीक. मग त्यानं एक गंमत केली. मीटरची काळी पिन मायनसवर ठेवली आणि लाल पिन बॅटरीच्या प्लास्टिकच्या झाकणावर, जिथं धूळ आणि आम्लाचा ओशट थर होता तिथं, टेकवली. मीटरनं दीड-दोन व्होल्ट दाखवले. प्लास्टिकवर व्होल्ट! मालकाचे डोळे विस्फारले. मला विचाराल तर हा प्रयोग सभा जिंकण्यापुरता. त्या थरातून वाहणारा करंट बहुतेक वेळा नगण्य असतो, अर्ध्या अँपिअरचा हिशेब त्यानं लागत नाही. पण सोड्याच्या पाण्यानं झाकण पुसून घेण्याचं निमित्त मिळालं, हेही काही वाईट नाही.

आता ज्या जागेसाठी मी हे लिहायला घेतलं ती जागा. करंट मोजायचा तर मीटर वाटेत बसवावा लागतो. बॅटरीच्या मायनसचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची खुंटावर बसणारी पकड, सुटा करायचा आणि लग व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडायचा. नव्वद टक्के लोक सरळ लग उपसतात. या मिस्त्र्यानं तसं केलं नाही. त्यानं दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक जाड वायर घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसच्या खुंटाला, दुसरा लगाच्या मागच्या केबलला. मग १० नंबरच्या पान्यानं नट ढिला करून लग वर उचलला. करंट एक क्षणही तुटला नाही, तो त्या वायरनं वळसा घालून वाहत राहिला. नंतर मीटर १० अँपिअरच्या खाच्यात लावून जोडला, आणि अगदी शेवटी ती मधली वायर काढून घेतली. आता सगळा करंट मीटरमधून जात होता आणि गाडीला या उलथापालथीचा पत्ताही नव्हता.

एवढा सोहळा कशासाठी? चिकटलेला रिले लग उपसल्याबरोबर सुटू शकतो. न झोपणारा संगणक वीज तुटली की नव्यानं सुरू होतो आणि शहाण्यासारखा झोपी जातो. म्हणजे घाईनं लग काढणारा माणूस तपासाच्या पहिल्याच पावलाला पुरावा पुसून टाकतो. मग मीटर निर्दोष आकडा दाखवतो, मालकाला ‘काही नाही’ सांगून पाठवतात, आणि आठवड्यानं तो परत येतो. दोषाला धक्का न लावता त्याच्याजवळ पोचण्याची ही तऱ्हा मला फार आवडते. वैद्यानं नाडी धरावी तशी, रोग्याला न उठवता.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवून त्यानं कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बंद केली. दार उघडं, पण गाडीच्या समजुतीप्रमाणे बंद. फ्यूजची पेटी उघडून ठेवली, म्हणजे नंतर काही उघडावं लागू नये. किल्ली लांब बाकावर. मालकाला सक्त ताकीद दिली, ‘‘आता सेल मारू नगा हां, मीटर जाईल.’’ सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो, मीटरची मजल दहाची. मग त्यानं चहा सांगितला.

हा चहा कामाचाच भाग आहे. मीटर सुरुवातीला दोनच्या वर होता. चहा येईपर्यंत ०.९ झाला. गाडीतला एकेक संगणक झोपत होता, आकडा पायरी-पायरीनं उतरत होता. काही गाड्यांना यासाठी अर्धा तासही लागतो. अधीर मिस्त्री दोन मिनिटांत दोनचा आकडा बघतो, ‘सापडला!’ म्हणतो आणि निरपराध फ्यूज उपटायला लागतो. इथं मिस्त्री सुपारी कातरत मीटरकडे तिरक्या नजरेनं बघत होता. शेवटी आकडा ०.४७ वर आला आणि तिथंच राहिला. अर्धा अँपिअर. आल्या-आल्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तंतोतंत जुळलं. त्यानं ते कुणाला दाखवलं नाही, मला मात्र दाद द्यावीशी वाटली.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री हेच काम मीटरशिवाय करताना पाहिला आहे. मायनसच्या वाटेत बल्ब जोडायचा, तो पेटला की एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला बल्ब विझेल ती वाट चोराची. बघायला हे फार छान. आकडे न कळणाऱ्या मालकालाही दोष डोळ्यांनी दिसतो. जुन्या जीपला, ट्रॅक्टरला ते पुरेसंही आहे. पण गळती लहान असली तर बल्बाची तार लालसुद्धा होत नाही, आणि बल्ब मधे बसल्यानं पलीकडच्या संगणकांना पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत, ते भलतंच वागायला लागतात. मला तो बल्ब आवडतो, पण नव्या गाडीवर तो लावलेला बघवत नाही.

साताऱ्याच्या त्या मिस्त्र्याचा पहिला प्रश्न वेगळा होता: ‘‘पावसात बसते का उन्हात?’’ त्याचं गिऱ्हाईक मेढा, पाचगणी, महाबळेश्वरकडचं, स्ट्रॉबेरी वाहणारं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माणला जेमतेम पाचशे. घाटमाथ्यावरच्या गाडीची गळती ओलीची असते. सॉकेटमध्ये पाणी शिरतं, तांबं हिरवं होतं आणि प्लसपासून बॉडीपर्यंत बारीक वाट तयार होते. दुपारी कोरडं पडलं की ती वाट बंद, पहाटे दवात पुन्हा चालू. सांगलीलाही हा पाठ कृष्णेनं शिकवला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. ज्या गाड्या त्या पाण्यात उभ्या राहिल्या त्यांची इंजिनं उघडून साफ झाली, पण वायरिंगच्या जोडांत बसलेला गाळ पुढे कितीतरी दिवस बॅटऱ्या उतरवत राहिला. सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जायचा. कागदावर दोन झाले तरी मिस्त्र्यांचं ज्ञान कऱ्हाड-पेठनाक्यावरून इकडून तिकडे जात असतं.

परत पत्र्याच्या शेडमध्ये. पेटी उघडी होती, पण त्यानं एकही फ्यूज उपटला नाही. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून तो त्या ठिपक्यांवर पिना टेकवत गेला. फ्यूज म्हणजे पातळ पट्टी, तिला थोडा का होईना विरोध असतोच. दहा अँपिअरच्या फ्यूजमधून अर्धा अँपिअर जात असेल तर दोन टोकांत तीन-साडेतीन मिलिव्होल्टचा फरक दिसतो. काहीच जात नसेल तर शून्य. फ्यूज उपटला की त्यावरचा संगणक मरतो, परत बसवला की जागा होतो आणि पुन्हा चहा सांगावा लागतो. टेकवून बघितलं तर कुणी जागं होत नाही. हातात हलकेपणा लागतो, पिन घसरून शेजारच्या फ्यूजला लागता कामा नये. शून्य. शून्य. ०.१. शून्य. आतल्या आणि बॉनेटखालच्या दोन्ही पेट्या झाल्या. दोषी कुणीच नाही.

इथं बरेच जण हात टेकतात. मिस्त्री मात्र पहिल्यांदाच खुशीत आल्यासारखा दिसला. गुस्ताव किर्चहॉफनं १८४५ साली, विद्यार्थी असताना, एकविसाव्या वर्षी एक साधा नियम मांडला: जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच तिथून जातो. मायनसवर ०.४७ परत येतोय आणि फ्यूजच्या सगळ्या वाटा मिळून जवळजवळ काहीच जात नाही, तर तिसरी वाट असलीच पाहिजे, पेटीला वळसा घालून जाणारी. मिस्त्र्यानं किर्चहॉफचं नाव ऐकलं असेल-नसेल. तो म्हणाला, ‘‘दारातनं कोण गेलं न्हाई म्हंजे परसातनं गेलं.’’

परसातल्या वाटा मुख्यतः दोन. एक आल्टरनेटरची जाड केबल. आल्टरनेटरमधला डायोड फुटला तर बॅटरी उलटी त्यात रिती होते आणि या पेट्यांवर त्याचा मागमूस लागत नाही. त्यानं आल्टरनेटरच्या पाठीवर तळहात ठेवला. मघाशी इंजिन चालवलेलं, ते निवायला चहाचा वेळ मिळाला होता. आता आजूबाजूच्या लोखंडाइतकाच गार. डायोड खात असता तर पाठ कोमट लागली असती. दुसरी वाट म्हणजे माणसांनी नंतर ओढलेल्या वायरी. बॅटरीच्या प्लसच्या खुंटाला मूळ केबलखाली एक लाल वायर दाबून बसवलेली होती. तिच्यावर क्लॅम्प मीटर अडकवला: ०.४ च्या आसपास. साध्या क्लॅम्प मीटरला एवढ्या लहान आकड्यांत दशांशापुढे विश्वासानं बोलता येत नाही, पण इथं बोट दाखवण्यापुरतं बस होतं. वायर बॅटरीपासून केबिनमध्ये, पायपुसण्याखालून, सीटमागे. तिथं एक अँप्लिफायर. हात लावला तर बंद गाडीत, बंद टेपसोबत, तो कोमट होता.

मालक ओशाळला. हंगामात रात्री उशिरापर्यंत पेट्या भरायचं काम चालतं. बायका-पोरं बांधावर, गाणी हवीत, आणि किल्ली गाडीत ठेवायची नाही. म्हणून गावातल्या कुणीतरी टेपची किल्लीवरची लाल वायर कायम प्लसच्या पिवळीला पिळून दिली होती. इथवर ठीक. त्याच पिळ्यात त्यानं अँप्लिफायरला ‘जागा हो’ सांगणारी निळी वायरही गुंतवली होती. टेप बंद केला तरी निळीला हुकूम चालूच. अँप्लिफायर न वाजता रात्रंदिवस तयारीत बसलेला.

मिस्त्र्यानं अँप्लिफायर फेकला नाही, पिवळी-लालही सोडवली नाही. फक्त निळी वायर पिळ्यातून काढली आणि टेपच्या मागं त्यासाठीच दिलेल्या टोकाला जोडली. आता किल्लीशिवाय गाणी लागतील, आणि टेपचं बटण बंद केलं की अँप्लिफायर झोपेल. माझ्या मते हा दुरुस्तीचा सगळ्यात रसिक भाग. दोषामागं मालकाची एक रास्त हौस होती, ती त्यानं राखली. दुसरा कुणी असता तर ‘हे सगळं काढून टाका’ म्हणाला असता, नाहीतर बॅटरीवर कट-ऑफ स्विच बसवून मोकळा झाला असता. कट-ऑफ स्विच वाईट नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला तो मीच बसवायला सांगेन. पण त्याला निदान म्हणू नये.

मीटर पुन्हा बघितला: ०.०३. मालक म्हणाला, ‘‘अजून खातंय की तीन!’’ ते घड्याळ, इंजिनाच्या संगणकाची आठवण, चोरकुलूप. मिस्त्री तिथं थांबला. शून्याच्या मागं लागणारेही मी पाहिले आहेत, ते चांगली गाडी खोलून ठेवतात. यानं मार्करनं फ्यूज पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘०.०३’ आणि तारीख लिहिली, म्हणजे पुढं कुणीही बघितलं तर मूळ आकडा हाताशी राहील. मग ती वळशाची वायर पुन्हा लावून, मीटर काढून, लग खुंटावर बसवला. सोडवताना जी शिस्त तीच जोडताना. काम संपल्यावर कुणी बघत नसताना ती पाळली, याचं मला जास्त कौतुक.

मजुरीवरून घासाघीस झालीच. ‘‘एक वायर तर हलवली,’’ असं मालक म्हणाला, आणि मिस्त्र्यानं त्याला चहाचे पैसे सोडले.

बाहेर विजेवर चालणारं एक छोटं मालवाहू वाहन चार्जिंगहून परतताना दिसलं, तेव्हा मी मिस्त्र्याला विचारलं की आता तुमचं हे काम संपणार का. तो म्हणाला, उलट. त्या गाडीत चाकं फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी, आणि दिवे, कुलपं, संगणक चालवणारी बारा व्होल्टची वेगळी. धाकटी बसली की थोरली काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तशा एका गाडीच्या धाकट्या बॅटरीचं काम त्यानं घेतलंही होतं, याच चिमट्याच्या वायरीनं. थोरल्या बॅटरीची नारिंगी केबल दिसली की मात्र तो हात मागं घेतो आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो.